हलत काय नाही?

डहाणूच्या बाजारात भर दुपारी एक डोळा मिटून, मान किंचित तिरकी करून, नाकासमोर मोबाइल धरून कुणी माणूस पाय जपत जपत येताना दिसला, तर तुम्ही बाजूला व्हाल. सगळेच व्हायचे. कोळणी टोपल्या मागे ओढून घ्यायच्या आणि रिक्षावाले हॉर्न न वाजवता थांबायचे. एकदा एक जुना रिक्षावाला एका नव्याला समजावत होता, ते मी स्वतः ऐकलंय. "जाऊ दे रे त्याला. तो कॅमेरा आहे." कॅमेरावाला नव्हे, कॅमेरा. माझ्या सरांबद्दल याहून नेमकं कुणी काही बोललं असेल असं मला वाटत नाही.

चिकूच्या वखारीच्या माळ्यावर सरांची एक खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा, आणि खालून चोवीस तास वर येणारा पिकत्या चिकूंचा वास. त्या वासानं दुपारी डोळे जड व्हायचे. खिडक्यांना जाड निळे पडदे होते, त्यामुळे आत कायम एखाद्या विहिरीच्या तळाशी असतो तसा उजेड. त्या उजेडात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे हिरवे क्रॉस काजव्यांसारखे लुकलुकत राहायचे. मी तिथे जी वर्षं काम केलं त्यातली निम्मी मला झोपेत घडल्यासारखी आठवतात, आणि खरं सांगायचं तर तशीच आवडतात.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकटकटीचं. समजा, कुणीतरी वाडीतून चालत चालत शूटिंग केलं आणि आता त्यांना त्यात वाघ बसवायचाय. वाडी खरी, वाघ कॉम्प्युटरमधला. मग शूटिंगच्या वेळी खरा कॅमेरा जसा चालला, वळला, थरथरला, अगदी तसाच एक खोटा कॅमेरा कॉम्प्युटरच्या आत चालवावा लागतो. तो जुळला तर वाघ जमिनीवर बसतो. नाही जुळला तर तापल्या तव्यावरच्या लोण्यासारखा घसरत जातो. खरा कॅमेरा कुठून कसा गेला हे चित्रातूनच उकलायचं असतं. त्यासाठी चित्रातल्या न हलणाऱ्या गोष्टींवर हिरव्या क्रॉसच्या खुणा करून द्यायच्या. खांबाचा कोपरा, दगडावरचा डाग, भिंतीची भेग. या खुणा पडद्यावर कशा सरकतात त्यावरून कॅमेरा कसा सरकला हे सॉफ्टवेअर काढतं. जे हलतं ते मात्र फसवतं. पानं, गुरं, झेंडे, माणसं, या सगळ्यांवर काळा मास्क टाकून त्यांना आधी झाकून टाकायचं.

मी मुंबईत कोर्स करून गावी परत आले होते आणि सरांकडे काम मागायला गेले. त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं नाही. माळ्याची खिडकी उघडली, खालचा रस्ता दाखवला आणि विचारलं, "हलत काय नाही?"

मी म्हटलं, समोरची भिंत.

"अजून?"

विजेचा खांब. दुकानाची पायरी. ती पांढरी मोटारसायकल.

"मोटारसायकल?" ते म्हणाले. तेवढ्यात एक माणूस आला, किक मारली आणि मोटारसायकल घेऊन गेला. सर इतके खूश झाले की मला वाटलं त्यांनीच त्याला पाठवलं असावं. "उद्यापासून ये," म्हणाले. "गाव कुठलं?"

"कैनाड."

"बरं, कैनाड, येताना डबा आण. इथे चिकूशिवाय काही मिळत नाही."

तेव्हापासून मी कैनाड. त्यांनी मला शेवटपर्यंत नावानं हाक मारली नाही. खाली वखारीच्या दाराशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी गंजाडच्या, म्हणून त्या गंजाड. वखारीचे शेठ मूळचे वापीचे, म्हणून ते वापीशेठ. माणसं नावं बदलतात, लग्नात तर मुलींची सर्रास बदलतात, गाव जागचं हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आईला हे फार झोंबलं होतं. "एवढं बारसं करून नाव ठेवलं ते काय गावाच्या नावानं हाका मारायला?" ती म्हणायची. पुढे माझ्यासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा मी एकाचा फोटो सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिला आणि विचारलं, "चांगलाय. पण याच्यात हलत काय नाही?" मी फोटो परत पाकिटात घातला. ते स्थळ मी नाकारलं. आईला अजून कारण सांगितलेलं नाही.

त्या मास्कवरून एकदा मोठाच तमाशा झाला होता. एका लग्नाचा व्हिडिओ आमच्याकडे आला होता, त्यात मांडवामागे राजवाडा उभा करायचा होता. सरांनी नेहमीप्रमाणे हलणारं सगळं झाकलं. नेमका त्याच दिवशी नवरदेवाचा बाप काम कुठवर आलं बघायला माळ्यावर आला. धोतराचा सोगा हातात धरून तो पडद्याकडे बघतच राहिला.

"ओ भाऊ, माझ्या पोराला काळं का फासलं?"

"काका, तो हलतोय."

"लगनात हलणार नाय तर काय? नाचला तो! आणि सून पण काळी? आख्खं वऱ्हाड काळं केलंत तुम्ही! फक्त खांब ठेवलेत. खांबांचं लगीन होतं काय?"

"काका, खांबांवरच सगळं उभं आहे," सर अतिशय शांतपणे म्हणाले. काका जिना उतरताना जे काही बोलले ते मी इथे लिहीत नाही. राजवाडा मात्र असा बसला की पुढच्या मोसमात त्याच गावातून आणखी दोन लग्नं आमच्याकडे आली.

चित्र सुटलं, म्हणजे खोटा कॅमेरा खऱ्याला जुळला, की सर वाघाबिघाकडे बघायचेच नाहीत. वाघ बसवणं माझं काम. ते नुसती कॅमेऱ्याची वाट बघत बसायचे. सॉफ्टवेअरमध्ये खोटा कॅमेरा म्हणजे एक लहानसा डबा असतो आणि तो जिथून गेला तिथे एक बारीक रेघ उमटते. बाकी सगळं काळं. त्या काळोखात ती रेघ वर-खाली होत जायची, पावलागणिक एक हेलकावा, आणि सर ती नाडीसारखी तपासायचे. "हा माणूस उपाशी आहे. पाय ओढतोय." "हा घाबरलाय, श्वास रोखून चाललाय." एकदा म्हणाले, "हा डाव्या पायानं लंगडा आहे." तो कॅमेरामन पुढे पैसे न्यायला आला, तर चांगला ताठ चालत जिना चढला. मी सरांकडे बघून हसले. ते जराही डगमगले नाहीत. त्याला म्हणाले, "त्या दिवशी बूट नवीन होते का हो?" तो चपापला. डाव्या टाचेला फोड आला होता, म्हणाला, आठवडाभर भोगलं.

सरांचा यावर ठाम विश्वास होता. कॅमेऱ्यामागचा माणूस चित्रात कधी दिसत नाही, पण त्याची उंची, त्याचे गुडघे, त्याचा दम, सगळं चित्रात असतं. फक्त काढता यावं लागतं. त्यांचं सगळं दुखणं या विश्वासातूनच आलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

रोज सकाळी माळ्यावर आल्यावर मी झाडू मारायची, आणि सर उदबत्ती लावावी तसा एक शॉट लावायचे. कायम तोच. समुद्राचा. पडद्याच्या खालच्या भागात ओली वाळू, वर आभाळ, मध्ये समुद्राची सरळ रेघ, एका बाजूला किनाऱ्यावर टेकलेली एक होडी. आणि या सगळ्यातून इकडून तिकडे फिरणारा एक काळा ठिपका, मास्क टाकलेला. सर त्या होडीवरच्या खुणा थोड्या बदलायचे, पुन्हा गणित करायला लावायचे, आणि खोट्या कॅमेऱ्याची रेघ उमटायची. ती रेघ सुरुवातीला सरळ असायची आणि मग हळूहळू खाली उतरत जायची. ते ती शेवटपर्यंत बघायचे, मान हलवायचे आणि फाईल बंद करायचे. आमच्या इतर कामांमधल्या कॅमेऱ्यांना नुसते आकडे असत. या कॅमेऱ्याचं नाव होतं 'ताई'.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले आणि खालून चिकूचा वास दाट होऊन वर आला. मावशींनी आणून दिलेला चहा घेत आम्ही नुसते बसलो होतो, आणि मी विचारून टाकलं.

सरांचं गाव तलासरीकडलं. भात-नागलीची शेती. आईवडील लवकर गेले, मोठ्या बहिणीनं वाढवलं. ती तिकडेच शाळेत शिक्षिका होती. तिनं लग्न केलं नाही आणि कुणाला त्याचं कारणही सांगितलं नाही. सर मुंबईला मोठ्या स्टुडिओत लागले, तेव्हा तिनं शाळेत पेढे वाटले होते. एका सुट्टीत ते घरी आले, नवीन कॅमेरा घेऊन. तिला डहाणूला समुद्रावर आणलं. कॅमेरा तिच्या हातात दिला, म्हणाले, धर, मी दाखवतो तुला मी काय काम करतो ते. आणि स्वतः तिच्यापुढे येरझारा घालत बोलत सुटले. दहा-बारा मिनिटं तरी. ताई कॅमेरा धरून ऐकत राहिली. परत जाताना तिनं त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "दमले रे." त्यांनी हसण्यावारी नेलं. पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या व्हरांड्यात कोसळली. हृदय.

"पुष्कळ दिवसांनी मी तो शॉट ट्रॅक केला," सर म्हणाले. "दुसरं कशासाठी नाही ग. तिचा फोटो धड एकही नाही. सगळ्या फोटोंत ती दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन मागे उभी. म्हटलं निदान ती कुठे उभी होती, कशी उभी होती, तेवढं तरी मिळेल." त्यांनी कपातला चहा हलवला. "मिळालं. समुद्राची रेघ नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला असते, हे तुला शिकवलंय ना? सुरुवातीला ती रेघ होडीच्या काठाच्या वर आहे. हळूहळू काठ रेघेला लागतो. शेवटी रेघेच्या हातभर वर जातो. म्हणजे बघणाऱ्याचे डोळे हातभर खाली आले. ताई खाली खाली चालली होती, कैनाड. गुडघ्यातून जात होती. खचत होती माझ्यासमोर. आणि मी काय करत होतो? लेन्समध्ये बघून बडबडत होतो. एकदा तिच्याकडे बघितलं असतं, तर तिथूनच दवाखान्यात नेली असती."

गणित बरोबर होतं. मी ते नंतर माझ्या मनाशी चार वेळा करून पाहिलं, दरवेळी ताई खालीच आली. मला सरांचा राग आला, खरंच आला, की रोज सकाळी उठून स्वतःच्या जखमेत बोट घालायचं हे कसलं व्रत? मग लक्षात आलं, ते दर सकाळी ती रेघ सरळ येईल म्हणून बघतात. मुंबई सोडून ते डहाणूला येऊन राहिले ते याचसाठी, पण समुद्र दहा मिनिटांवर असून ते एकदाही किनाऱ्यावर गेलेले नव्हते.

मीही फारशी जात नसे. आम्ही कैनाडचे शेतीवाले. समुद्र आमच्यासाठी पाहुण्यांना दाखवायची गोष्ट. पण त्या थंडीत एकदा तालुका कचेरीत काम होतं, साहेब जेवायला गेले होते, म्हणून मी भेळ घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसले. ऊन कोवळं होतं, डोळे मिटत होते. डोळे मिटत असताना मला सगळीकडे हिरवे क्रॉस दिसतात, या कामाचा तो आजारच आहे. समोर वाळूत एक होडी एका कुशीवर कलून पडली होती, दमलेल्या म्हशीसारखी. मी मनातल्या मनात तिच्या काठावर चार क्रॉस ठेवले आणि भेळ खात राहिले. पेंग आली असावी. परत नीट पाहिलं तर क्रॉस काठावर नव्हते. होडीच्या पोटावर होते. होडी सरळ झाली होती. कुणी तिला हात लावला नव्हता, आसपास माणूस नव्हता. तिच्याखाली पाण्याची एक पातळ चकाकी आली होती आणि तिच्यावर होडी अलगद, कुणाला कळू न देता, उचलली जात होती.

भेळ तिथेच राहिली. कचेरीतलं कामही राहिलं. मी वखारीचा जिना कशी चढले ते मला आठवत नाही.

"सर, तो शॉट लावा."

"सकाळी लावला की."

"परत लावा. मास्क काढून."

सर वळून बघायला लागले. "मास्क कशाला? त्यात मी आहे."

"तुम्हीच पाहिजे आहात."

"कैनाड, मला ते बघायचं नाहीये," ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस एवढी वर्षं रोज हा शॉट बघतोय, पण त्यातल्या स्वतःकडे त्यानं एकदाही बघितलेलं नाही. पहिल्याच दिवशी स्वतःला काळं करून टाकलं होतं. हलतं ते झाकायचं, या नियमात आणखीही काही झाकलं गेलं होतं.

मी खुर्ची ओढली आणि मास्क काढला.

काळ्या ठिपक्याच्या जागी एक तरुण माणूस आला. केस दाट, शर्ट पँटच्या बाहेर, दोन्ही हात वाऱ्यावर उडवत काहीतरी सांगतोय आणि स्वतःच हसतोय. आवाज बंद होता. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, इकडे बघा. तुमच्याकडे नका बघू. समुद्राची रेघ तुम्हाला कुठे कापते तेवढंच बघा."

ते मोठ्या कष्टानं वळले. रेघ त्या तरुण माणसाच्या हनुवटीवरून जात होती. तो डावीकडे गेला, रेघ हनुवटीवर. उजवीकडे आला, हनुवटीवर. मी शॉट मध्यापर्यंत, मग शेवटपर्यंत पुढे नेला, हनुवटीवरच. मागे होडीचा काठ रेघेला लागला होता, पुढे रेघेच्या वर निघाला होता. त्याच्या हनुवटीला मात्र ती रेघ सोडत नव्हती. ताई हातभर खाली आली असती, तर रेघ त्याच्या छातीवर यायला हवी होती.

"वाळू उतरती असेल," सर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

"डहाणूची वाळू परातीसारखी सपाट आहे. आणि तुम्ही एकाच रेषेत येरझारा घातल्यात."

"मग होडी?"

"होडीला पाणी लागलं, सर. भरती येत होती. ती तरंगली."

सर खुर्चीवर बसले. पडद्याला जवळजवळ नाक लावून त्यांनी होडीच्या खाली पाहिलं. चकाकी तिथे होती. पहिल्यापासून होती. मग ते म्हणाले, "आमच्याकडे बैलगाडी उभी केली की उभी राहते."

"आमच्याकडे पण," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, आम्ही दोघंही हसलो. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसत होते. मलाही रडू आलं. खाली वखारीत पेट्यांवर खिळे ठोकायचे आवाज चालू होते आणि वर पडद्यावर तो तरुण माणूस बडबडत होता, आणि त्याच्यासमोर कुणीतरी ताठ उभं राहून, हात अवघडले तरी कॅमेरा खाली न करता, त्याचं सगळं ऐकून घेत होतं.

"दमली होती ती," सर म्हणाले. "पण उभी होती."

"शेवटपर्यंत, सर."

त्यांनी शॉट शेवटच्या चित्रावर थांबवला आणि उठले. खोलीच्या मधोमध उभं राहून उजव्या हाताचा तळवा आडवा केला, स्वतःच्या हनुवटीला लावला. "हे तिचे डोळे," म्हणाले. मग तळवा वर सरकवत नाकाशी आणला, थोडा विचार करून, तिच्या माथ्याच्या अंदाजानं, भुवईपाशी नेला. "आणि ही ताई." तळवा तिथेच ठेवून ते दाराकडे निघाले. मी त्यांच्यामागे. जिना उतरताना त्यांनी कठड्याला डावा हात धरला, उजवा हवेत तसाच, जरासुद्धा वरखाली होऊ दिला नाही. वखारीतली माणसं हातातला हातोडा थांबवून बघत होती. आज कॅमेरा एक डोळा मिटून नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून चालला होता.

टपरीशी मावशी चहा गाळत होत्या.

"गंजाड," सर म्हणाले, "ही माझी ताई."

मावशींनी गाळणी धरलेली तशीच ठेवून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग वर हवेत धरलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"अग बाई," त्या म्हणाल्या, "चांगली उंच होती की."